लॅपटॉपचे तज्ज्ञ रिव्ह्यू: एकाच मॉडेलचे तीन निकाल, विश्वास कशावर ठेवायचा?

त्रिमूर्तीनगर_वाचक

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला जाते आहे, तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. बजेट ८० हजारांपर्यंत. काम म्हणजे पायथन आणि सी प्लस प्लसचं कोडिंग, ऑटोकॅड, आवड म्हणून ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर). एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्ड असलेलं एक मॉडेल जवळपास पक्कं झालं होतं, तेवढ्यात त्याचेच तीन रिव्ह्यू पाहण्यात आले आणि घोळ झाला.

पहिला एका परदेशी साइटवरचा. स्क्रीनची स्तुती, पूर्ण भार असताना प्रोसेसर ८२ अंश, शेवटी "या किमतीत सर्वोत्तम". दुसरा हिंदी व्हिडिओ. त्यात तोच लॅपटॉप ९७ अंशांवर आणि स्क्रीन फिकट. तिसऱ्यात एका गेममध्ये पहिल्या रिव्ह्यूपेक्षा सेकंदाला बरेच कमी फ्रेम. खरेदीच्या साइटवर मात्र ४.३ तारे.

माझे प्रश्न असे:

१. तिघंही स्वतःला तज्ज्ञ म्हणवतात, मग आकडे इतके वेगळे कसे? कोणी खोटं बोलतंय का?
२. कंपनीकडून पैसे घेऊन केलेला रिव्ह्यू ओळखायचा कसा?
३. घरी एसी नाही, उन्हाळ्यात कूलरच. रिव्ह्यूतलं तापमान नागपूरला लागू होतं का?
४. बर्डीतल्या (सीताबर्डी बाजारातल्या) दुकानातून घ्यावा की ऑनलाइन?

सोल्डर_सदर

तिघंही खरं सांगत असण्याची शक्यता जास्त आहे. तिघांच्या हातात तीन वेगळे लॅपटॉप होते, नाव तेवढं एक होतं.

कंपन्या एकाच नावाखाली देशागणिक बरेच प्रकार विकतात. दुकानदार जे नाव सांगतो आणि व्हिडिओच्या मथळ्यावर जे दिसतं ते घराण्याचं नाव. खरी ओळख म्हणजे डब्यावरच्या आणि लॅपटॉपच्या तळावरच्या स्टिकरवरचा पूर्ण कोड. लेनोव्होच्या भारतातल्या कोडच्या शेवटी बहुधा आयएन असतं. एचपीच्या आपल्याकडच्या मॉडेलमध्ये शेवटी टीयू असेल तर वेगळं ग्राफिक्स नाही, टीएक्स असेल तर आहे. रिव्ह्यूत पूर्ण कोड दिलेला नसेल तर त्यातला एकही आकडा तुमच्या लॅपटॉपचा आहे असं धरू नका.

कोड बदलला की चार गोष्टी बदलतात, आणि तुमच्या तिन्ही रिव्ह्यूंतला फरक बहुतेक यांतच आहे.

पहिली, स्क्रीन. एसआरजीबी आणि एनटीएससी ही स्क्रीन किती रंग दाखवते ते मोजायची दोन मापं. परदेशी रिव्ह्यूला गेलेल्या नगात बऱ्याचदा १०० टक्के एसआरजीबीचं पॅनेल असतं आणि आपल्याकडे त्याच नावाखाली ४५ टक्के एनटीएससीचं येतं. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीच्या साधारण ६० ते ६५ टक्के. लाल रंग विटकरी दिसतो, त्वचेचे रंग मेलेले दिसतात. दुसऱ्या व्हिडिओवाल्याला स्क्रीन फिकट दिसली ती याचमुळे असणार. कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावर त्या कोडचं स्पेसिफिकेशन उघडा आणि "एनटीएससी" की "एसआरजीबी" हा एक शब्द शोधा. "फुल एचडी आयपीएस अँटीग्लेअर" एवढंच लिहून पुढे टक्केवारी दिलेली नसेल तर ४५ टक्के समजूनच चाला. ब्राइटनेसही बघा. २५० निट्स असेल तर दिवसा खिडकीशेजारी बसून काम करणं त्रासाचं होतं, ३०० च्या वर हवंच.

दुसरी, ग्राफिक्सला मिळणारी वीज. हे सगळ्यात जास्त लपवलं जातं. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०५० हे नाव ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंतच्या सगळ्या प्रकारांना लागतं. चिप तीच, ६ जीबी मेमरी तीच, पण पातळ लॅपटॉपमध्ये तिला ५०-६० वॅट देतात आणि जाड गेमिंग लॅपटॉपमध्ये १०० च्या वर. फ्रेम कमी-जास्त येतात ते इथून. स्पेसिफिकेशनमध्ये याला टीजीपी किंवा "मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर" म्हणतात. हा आकडा ज्या रिव्ह्यूत नाही तो ग्राफिक्सचा रिव्ह्यूच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी, रॅम. रिव्ह्यूच्या नगात ८ अधिक ८ अशा दोन पट्ट्या, दुकानातल्या नगात १६ ची किंवा ८ ची एकच. एकाच पट्टीवर मेमरीचा मार्ग निम्मा होतो. प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स वापरत असाल तर हा फटका फार मोठा बसतो. इंटेलच्या ११ ते १३ व्या पिढीच्या बऱ्याच चिपमध्ये तर दोन पट्ट्या असतील तर डिव्हाइस मॅनेजर "आयरिस एक्सई" दाखवतो आणि एकच असेल तर "यूएचडी ग्राफिक्स".

चौथी एसएसडी, म्हणजे साठवणुकीची ड्राइव्ह. त्यावर दुसरं कोणी लिहील, तो वेगळाच विषय आहे.

आणि तुमच्या कामाचे आकडे बघा, गेमचे फ्रेम बाजूला ठेवा. ऑटोकॅडचं बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं, म्हणून सिनेबेंच या प्रोसेसरच्या चाचणीतला सिंगल कोअरचा आकडा बघायचा. ब्लेंडरमध्ये सायकल्सने (त्यातल्या रेंडर इंजिनाने) रेंडर करायचं, म्हणजे अंतिम चित्र काढायचं, तर आरटीएक्स कार्डाचा ऑप्टिक्स पर्याय चालतो आणि तिथे ४०५० चांगलं काम देतं, पण सीन ६ जीबीच्या बाहेर गेला की गाडी अडते. ब्लेंडरवाल्यांचा स्वतःचा "ओपन डेटा" नावाचा खुला संग्रह आहे. त्यात लोकांनी आपापल्या मशीनवर चालवलेल्या चाचणीचे आकडे ग्राफिक्स कार्डनुसार मिळतात. एका तज्ज्ञाच्या एका आकड्यापेक्षा तिथला मधला आकडा जास्त भरवशाचा.

थर्मल_पेस्ट

तापमानाचं मी सांगतो. नागपुरात लॅपटॉप घेणाऱ्यांची फसगत सगळ्यात जास्त इथेच होते.

खोलीचं तापमान सांगितलेलं नसेल तर चिपचं तापमान कळून काही उपयोग नाही. चाचणी करणारे बहुतेक २० ते २५ अंशांच्या खोलीत बसतात. हवेने थंड होणाऱ्या कुठल्याही यंत्रात खोलीपेक्षा चिप किती अंशांनी जास्त तापते हा फरक साधारण कायम राहतो, बशर्ते वीज तेवढीच आणि पंख्याचा वेग तोच. म्हणजे २२ अंशांच्या खोलीत ८२, तर फरक ६०. मे महिन्यात बाहेर ४५ असताना कूलरच्या खोलीत ३२ धरा, चिप ९२ वर. दुपारी लाइट गेली, कूलर बंद, खोली ३८ वर गेली, तर बॅटरीवरचं कमी भाराचं काम सोडून जड काही चालवूच नये, कारण हिशेब ९८ वर जातो. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप चिपची मर्यादा १०० अंश आहे, त्याआधीच वेग कमी केला जातो.

बहुतेक लॅपटॉपच्या कागदपत्रांत वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंत असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात आपली दुपार त्या रेषेच्या पलीकडची. म्हणून रिव्ह्यूतला ८२ आणि व्हिडिओतला ९७ यांत भांडण असेलच असं नाही, दोन्ही खोल्यांचं तापमान कळलं तर कदाचित एकच गोष्ट निघेल.

पण लॅपटॉपला हा हिशेब अर्धाच लागू पडतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चिप २२ अंशांच्या खोलीतही मुद्दाम ९५ पर्यंत जाऊ देतात आणि मग वीज कमी करून तिथेच रोखतात. अशा वेळी गरम खोलीत तापमानाचा आकडा ९५ च राहतो, घसरतो तो वेग. म्हणून रिव्ह्यूत तापमानाआधी "सलग किती वॅट टिकले" हे शोधा. सुरुवातीच्या अर्ध्या-एक मिनिटात ६०-७० वॅट आणि दहा मिनिटांनंतर ३५, असं चित्र नेहमीचं. सिनेबेंच एकदा चालवून आकडा छापणारा रिव्ह्यू फक्त ते पहिलं मिनिट मोजतो. दहा मिनिटं सलग चालवून पहिला आणि शेवटचा असे दोन्ही आकडे देणारा शोधा. पहिला १५,००० आणि शेवटचा १२,५०० असेल तर एसीतच १७ टक्के घसरण झाली, आपल्याकडे त्याहून जास्त होईल. घसरण ५ टक्क्यांच्या आत असेल तर त्या लॅपटॉपचा थंडावा मोकळा आहे, तोच घ्यावा.

कूलरबद्दल दोन गोष्टी. कूलरचा झोत सरळ लॅपटॉपवर घेऊ नका. चालू लॅपटॉप गरम असल्याने त्यावर दव धरत नाही, पण ओलसर हवेत धूळ चिकट होते आणि पंख्यामागच्या पातळ जाळीत तिचा नमदा बसतो. तो फुंकून निघत नाही, मागचं झाकण उघडून ब्रशनेच काढावा लागतो. मार्च संपायच्या आत साफ करून घ्या. दुसरं, पाऊस सुरू झाला की हवेत दमटपणा वाढून कूलरचा उपयोग संपतो. जून-जुलैत खोली बऱ्याचदा ३२-३३ च्या खाली येत नाही, म्हणजे लॅपटॉपला त्रास फक्त मे महिन्यातच होतो असं नाही. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवली तरी खालून हवा मिळते आणि काही अंशांचा फरक पडतो. गादीवर ठेवून वापरायचा नाही, हे मुलीला आधीच सांगा.

उन्हाळ्यात "चार्जिंग होत नाही" ही तक्रारही येते. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा साधारण नियम, म्हणून यंत्र स्वतःच चार्जिंग थांबवतं. बिघाड नाही तो. कंपनीच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावून ठेवा.

इतवारी_५४

भाऊ, इतकं कोण पाहते? रिव्ह्यूवाले सगळे कंपनीच्याच घरचे. त्यायले लॅपटॉप फुकट भेटते, जेवण भेटते, मग वाईट कसं लिहिन? सरळ विकत घेणाऱ्यायचे अभिप्राय वाचा. हजार लोकायनं ४.३ तारे दिले म्हणजे माल बरा आहे. तज्ज्ञापेक्षा वापरणाराच खरा.

फ्लॅश_नँड

इतवारी भाऊ, वापरणाऱ्याचं ऐकावं हे बरोबर, पण ताऱ्यांची सरासरी त्यातली सगळ्यात निकामी गोष्ट आहे. बहुतेक तारे डिलिव्हरीनंतर चार-पाच दिवसांत दिलेले असतात. "पॅकिंग छान, लवकर आला" याला पाच, "डबा चेपला होता" याला एक. शिवाय खरेदीच्या साइटवर एकाच पानावर आय३ पासून आय७ पर्यंत सगळ्या प्रकारांचे अभिप्राय एकत्र दिसतात. तुम्ही ज्याला ४.३ समजता त्यात तुमच्या कोडचे किती, ते कळत नाही. अभिप्राय "नवे आधी" असे लावा, प्रकार निवडा, आणि २ व ३ तारेवाले वाचा. चिडलेला माणूस १ देतो, खूश असलेला ५ देतो, आणि सहा महिने वापरून "बिजागरी सैल झाली, डाव्या बाजूचा यूएसबी पोर्ट ढिला" असं नेमकं लिहिणारा बहुतेक मधे असतो. एकच तक्रार चार-पाच वेगळ्या लोकांनी, वेगळ्या महिन्यांत, वेगळ्या शब्दांत लिहिली असेल तर ती खरी माना.

आता एसएसडी. रिव्ह्यू प्रामाणिक असूनही खोटा कसा ठरतो याचं याहून स्वच्छ उदाहरण नाही. क्रुशियलची पी२ ही एसएसडी आधी टीएलसी मेमरीवर (एका कप्प्यात तीन बिट) आली, तशीच तपासली गेली, चांगले शेरे मिळाले. नंतर त्याच नावाखाली क्यूएलसी मेमरी (एका कप्प्यात चार बिट, स्वस्त पण सावकाश) आली. २०२१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या साइटने दोन्ही शेजारी ठेवून मोजल्या तेव्हा नव्या नगात कॅशे (लिहिण्याची वेगवान तात्पुरती जागा) संपल्यावर लिहिण्याचा वेग सेकंदाला ४० एमबीच्या आसपास आला. त्याच वर्षी वेस्टर्न डिजिटलच्या ब्लू एसएन५५० मध्येही मेमरी बदलली आणि कॅशेनंतरचा वेग ६०० च्या घरातून ४०० च्या खाली गेला. डब्यावर नाव तेच, साइटवर जुना रिव्ह्यू तोच. तपासणाऱ्याने त्याच्या हातातल्या नगाबद्दल एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं.

त्याआधी २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड हार्ड डिस्कचं प्रकरण झालं. नॅससाठी (नेटवर्कवरच्या साठवणुकीच्या पेटीसाठी) विकल्या जाणाऱ्या २ ते ६ टीबीच्या डिस्कमध्ये एसएमआर पद्धत (डेटाच्या रेघा एकमेकींवर चढवून लिहिणारी, लिहायला सावकाश) होती आणि ते सांगितलेलंच नव्हतं. ते उघडं पडलं वापरणाऱ्यांमुळे, अनेक डिस्क जोडून केलेल्या संचात (आरएआयडी) नवी डिस्क बसवताना ती बाहेर फेकली जाऊ लागली म्हणून. इथे इतवारी भाऊंचा मुद्दा मला पटतो: पहिल्या आठवड्याच्या चाचणीत न दिसणारी गोष्ट वापरणाऱ्यालाच दिसते.

लॅपटॉपच्या कागदावर तर एसएसडीचा मेकही नसतो, "५१२ जीबी एनव्हीएमई" एवढंच. एकाच कोडमध्ये तीन-चार कंपन्यांच्या ड्राइव्ह येऊ शकतात. तुमच्या नगात कोणती आली ते घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्हची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघा, आणि ८०-१०० जीबीची एक मोठी फाइल ड्राइव्हच्या आतल्या आत कॉपी करून बघा. सुरुवातीचा वेग बघू नका, मधे कुठे कोसळतो आणि कोसळून कितीवर स्थिरावतो ते बघा. कोडिंग आणि ऑटोकॅडला हे फारसं जाणवणार नाही, व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला रोज जाणवेल.

ग्राहक_धंतोली

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. पैसे घेणं आणि खोटं बोलणं या वेगळ्या गोष्टी आहेत, पण पैसे घेऊन न सांगणं हे आता आपल्याकडे नियमात बसत नाही.

जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम आणले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मार्गदर्शिका काढली. तिच्यानुसार पैसे, फुकट वस्तू, सवलत, प्रवास यांपैकी काहीही मिळालं असेल तर ते स्पष्ट सांगायचं, ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत सांगायचं, आणि व्हिडिओ असेल तर व्हिडिओतच सांगायचं, नुसतं खालच्या वर्णनात टाकून चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे, शिफारस करणाऱ्यालाही. ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, ते मात्र ऐच्छिक आहे.

व्यवहारात ओळखायचं कसं? हिंदी-मराठी व्हिडिओत पहिल्या मिनिटात "पेड प्रमोशन" किंवा "प्रायोजित" असं येऊन गेलं का ते बघा. त्यानंतर लॅपटॉप कोणी दिला ते बघा: विकत घेतला, कंपनीने दिला आणि परत घेतला, की ठेवून घेतला. आर्टिंग्ज ही साइट वस्तू स्वतः बाजारातून विकत घेते. नोटबुकचेक नग कुठून आला ते लिहिते आणि पूर्ण कोडही देते. कंपनीने दिलेला नग म्हणजे लगेच खोटा रिव्ह्यू असं नाही, पण तो निवडून पाठवलेला असू शकतो. २०१६ मध्ये टेकपॉवरअप या साइटने दाखवलं की एमएसआय आणि आसुस यांनी रिव्ह्यूसाठी पाठवलेल्या जीटीएक्स १०८० ग्राफिक्स कार्डांचा मूळ वेग दुकानातल्या कार्डांपेक्षा वर लावलेला होता. फरक थोडा होता, पण कार्डांची तुलनाच थोड्या फरकावर ठरते.

तज्ज्ञांवर दबाव येतो हेही खरं आहे, आणि सगळेच कंपनीच्या घरचे हे इतवारी भाऊंचं म्हणणं खरं नाही हेही तिथेच कळतं. डिसेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाने हार्डवेअर अनबॉक्स्ड या चॅनेलला कळवलं की रे ट्रेसिंगला (गेममधला प्रकाश हुबेहूब दाखवण्याच्या तंत्राला) पुरेसं महत्त्व देत नाही म्हणून यापुढे कार्डं पाठवणार नाही. चॅनेलने ते जाहीर केलं, बाकीचे तज्ज्ञ त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि कंपनीने काही दिवसांत माघार घेतली. मे २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० बाजारात आलं तेव्हा स्वतंत्र तपासणाऱ्यांना आधी ड्रायव्हरच (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) मिळाला नाही, आणि निवडक ठिकाणी कंपनीने ठरवलेल्या गेम व सेटिंगवरचे पूर्वावलोकन झळकले. म्हणून साधा नियम: बाजारात यायच्या दिवशी किंवा आधी आलेला, आणि ज्यात मोजमापाची सेटिंग लिहिलेली नाहीत, तो लेख जाहिरात समजून वाचा.

"८० हजारांतले ५ सर्वोत्तम लॅपटॉप" छापाच्या याद्यांवर वेळ घालवू नका. बहुतेक स्पेसिफिकेशनवरून लिहिलेल्या असतात आणि खरेदीच्या दुव्यावर दलाली असते. वस्तू हातात घेतलेल्या माणसाच्या लेखात स्वतः काढलेले फोटो, स्वतःचे आकडे आणि किमान एक तरी त्रासदायक दोष असतो. तोटा म्हणून "लॅन पोर्ट नाही" एवढंच लिहिणाऱ्याने तो लॅपटॉप आठवडाभर वापरलेला नाही.

सोल्डर_सदर

वरच्यात एक भर. उत्तम, प्रामाणिक, स्वखर्चाने केलेल्या रिव्ह्यूलाही एक मर्यादा राहतेच: वेळ. एनव्हिडियाचं जीटीएक्स ९७० ग्राफिक्स कार्ड सप्टेंबर २०१४ मध्ये आलं, सगळ्यांनी वाखाणलं, आणि त्याच्या मेमरीतल्या शेवटच्या अर्ध्या जीबीचा वेग फार कमी आहे हे जानेवारी २०१५ मध्ये वापरणाऱ्यांनी शोधलं. इंटेलचे १३ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर २०२२ मध्ये आले, रिव्ह्यूंमध्ये वेगाचं कौतुक झालं. ते जास्त व्होल्टेजमुळे कालांतराने खराब होतात हे २०२४ मध्ये उघड झालं, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती आली आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दहा दिवस नग हातात असलेल्या तज्ज्ञाला हे दिसणं शक्यच नव्हतं.

त्यामुळे अगदी नवं मॉडेल घेऊ नका. बाजारात चार-सहा महिने झालेलं घ्या आणि मॉडेलच्या नावापुढे "बिजागरी", "बायोस", "स्क्रीन फ्लिकर", "चार्जिंग" असे शब्द जोडून शोधा. बिजागरी तुटण्याची तक्रार स्वस्त लॅपटॉपमध्ये फार असते आणि बहुतेक रिव्ह्यूंत ती दिसत नाही. झाकण उघडताना स्क्रीनचा कोपरा वाकतो का, दोन्ही बाजूंचा ताण सारखा आहे का, हे दुकानात हाताने बघता येतं.

त्रिमूर्तीनगर_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. कोड शोधले. परदेशी रिव्ह्यूतला कोड वेगळाच निघाला. त्यात १०० टक्के एसआरजीबी, ८ अधिक ८ रॅम आणि ग्राफिक्सला ९५ वॅट. इथे मिळणाऱ्यात ४५ टक्के एनटीएससी, १६ ची एकच पट्टी, ग्राफिक्सला ७५ वॅट. हिंदी व्हिडिओवाल्याकडे हाच इथला कोड होता. सहा हजार जास्त दिले तर दुसऱ्या एका मॉडेलमध्ये १०० टक्के एसआरजीबी आणि दोन पट्ट्या मिळतात, पण ग्राफिक्सला ६५ वॅटच. कोणता घ्यावा?

सोल्डर_सदर

म्हणजे तुमच्या बाबतीत हिंदी व्हिडिओच जास्त उपयोगाचा निघाला. चाचणी कशी घेतली ते त्याने सांगितलं असेल तर तोच धरा.

सहा हजार जास्त देऊन स्क्रीनवालाच घ्या. रॅमची पट्टी नंतर वाढवता येते (दुसरा स्लॉट रिकामा आहे आणि रॅम बोर्डवर सोल्डर केलेली नाही एवढं बघा), एसएसडी बदलता येते. स्क्रीन मात्र वॉरंटीत असताना कोणी वरच्या दर्जाची लावून देत नाही, बाहेरून बदलायला गेलात तर केबल आणि कनेक्टर जुळवण्याची कटकट, आणि मुलगी चार वर्षं तिच्याकडेच बघणार. ७५ आणि ६५ वॅटमधला फरक ब्लेंडरच्या रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल एवढाच. ऑटोकॅडला तो जाणवणारही नाही.

थर्मल_पेस्ट

सहमत. शिवाय ६५ वॅटचं ग्राफिक्स कमी तापतं. आपल्या उन्हाळ्यात तो तोटा नाही. त्या मॉडेलची दहा मिनिटांची सलग चाचणी कुठे सापडते का तेवढं मात्र बघून घ्या.

ग्राहक_धंतोली

चौथा प्रश्न राहिला. भाव सारखा असेल तर बर्डीतून घ्या, कारण स्क्रीन, कीबोर्ड आणि बिजागरी डोळ्यांनी बघता येते. दोन-तीन हजारांसाठी ऑनलाइन जाण्यात अर्थ नाही. फरक त्याहून मोठा असेल तर ऑनलाइन घ्या, पण आधी परतीची अट वाचा. लॅपटॉपवर बऱ्याच ठिकाणी पैसे परत मिळत नाहीत, फक्त बदली मिळते, तीही कंपनीचा माणूस तपासून गेल्यावर आणि ठरावीक दिवसांतच. डबा उघडताना सीलपासून सलग व्हिडिओ काढा.

कुठूनही घेतला तरी पहिल्याच दिवशी हे उरकून टाका:

डबा, तळाचं स्टिकर आणि बिल या तिन्हींवर कोड आणि सिरियल नंबर सारखा आहे का ते बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी किती तास चालू होती ते दिसतं. नव्या नगात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असावेत. शे-दोनशे तास दिसले तर तो काउंटरवरचा डेमो पीस आहे किंवा परत आलेला नग. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून पॉवरसीएफजी या कमांडने बॅटरी रिपोर्ट काढा. डिझाइन क्षमता आणि पूर्ण चार्ज क्षमता जवळपास सारखी हवी. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. ग्राफिक्सचे वॅट बघायला एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडून सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये जा, तिथे "मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर" लिहिलेली असते. नंतर एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वॅट दाखवणारा प्रोग्रॅम) चालू ठेवून सिनेबेंच दहा मिनिटं चालवा, भिंतीवर साधा थर्मामीटर लावून खोलीचं तापमानही लिहून ठेवा. रात्री अंधारात पूर्ण काळी आणि पूर्ण पांढरी स्क्रीन बघा, कडेने प्रकाश गळतो का आणि एखादा ठिपका मेलेला आहे का ते कळतं. सगळ्याचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा.

कागदावर लिहिलेलं आणि आत असलेलं वेगळं निघालं तर आधी विक्रेत्याला ईमेलने लेखी कळवा, फोनवर बोलून थांबू नका. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. नव्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता बंगळूरचा असला तरी तुमची तक्रार नागपुरात चालेल. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची.

इतवारी_५४

आणि बिल पक्कंच घ्या ताई-दादा जे असाल ते. दुकानदार "जीएसटी सोडून देतो, दोन हजार कमी करतो" म्हणन. तशा कच्च्या बिलावर सिरियल नंबर राहत नाही, मग वॉरंटीची तारीख कंपनी आपल्या हिशेबानं, माल कारखान्यातून निघाला तेव्हापासून धरते. फ्लॅश भाऊनं सांगतलं तसं २-३ तारेवाले वाचून पाहतो मी पण.

त्रिमूर्तीनगर_वाचक

स्क्रीनवालाच ठरवला. शनिवारी बर्डीत जाऊन बिजागरी आणि स्क्रीन बघतो, कोड जुळला तरच पैसे देईन. दहा मिनिटांच्या चाचणीचे आकडे खोलीच्या तापमानासकट इथेच टाकतो, म्हणजे हे मॉडेल बघणाऱ्या दुसऱ्या कोणाला नागपूरचे आकडे मिळतील.